कालव्याच्या पाण्याचा मागणी अर्ज (शिरूर व दौंड तालुके)

कालव्याच्या पाण्याचा मागणी अर्ज म्हणजे सरकारी कालव्यातून शेतीसाठी पाणी मिळावे म्हणून शेतकऱ्याने हंगामापूर्वी पाटबंधारे खात्याकडे करावयाची लेखी मागणी होय. महाराष्ट्रात हा अर्ज नमुना क्रमांक ७ या छापील नमुन्यावर केला जातो. बोलीभाषेत त्याला ‘सात नंबर फॉर्म’ किंवा नुसतेच ‘पाणी अर्ज’ म्हणतात. पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड हे तालुके पर्जन्यछायेच्या पट्ट्यात असून तेथील बागायत मोठ्या प्रमाणात पश्चिमेकडील धरणांच्या पाण्यावर अवलंबून आहे. धरणातील पाणी शेतापर्यंत पोहोचण्याआधी ते कागदावर मागितले जावे, मंजूर व्हावे आणि वाटले जावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात पुष्कळ शेतकरी अर्ज न करताच पाणी घेतात. त्याचे परिणाम दंडाच्या रकमेपुरते मर्यादित नसल्याने हा साधा दिसणारा कागद नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

नाव आणि होणारा गोंधळ

‘सात नंबर’ या नावामुळे पाणी अर्ज आणि सात-बारा उतारा यांची अनेकदा गल्लत होते. सात-बारा हा महसूल खात्याचा कागद आहे. गाव नमुना ७ हे अधिकार अभिलेखाचे पत्रक आणि गाव नमुना १२ ही पिकांची नोंदवही, या दोहोंच्या एकत्र उताऱ्यास सात-बारा म्हणतात. तो तलाठ्याकडे असतो आणि जमीन कोणाची व तिच्यात काय पिकते हे सांगतो. पाटबंधारे खात्याचा नमुना ७ ही निराळी गोष्ट असून येत्या हंगामात कोणत्या गटातील किती क्षेत्राला, कोणत्या पिकासाठी कालव्याचे पाणी हवे आहे, एवढेच तो सांगतो. पहिला कागद कायमचा, दुसरा एका हंगामापुरता. मात्र दुसऱ्यासोबत पहिला जोडावा लागतो. खात्याच्या जाहीर प्रकटनांत नमुना ७ बरोबरच ७ अ आणि ७ ब यांचाही उल्लेख असतो. पाणी प्रवाही पद्धतीने घेतले जाते की उपसून, अशा पाणी घेण्याच्या प्रकारांप्रमाणे हे नमुने वापरले जातात.

दोन तालुक्यांतील कालवे

दौंड तालुक्याचा मुख्य आधार खडकवासला प्रकल्प हा आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचा एकत्रित उपयुक्त साठा सुमारे २९ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, आहे. खडकवासल्याहून निघणारा नवा मुठा उजवा कालवा २०२ किलोमीटर लांबीचा असून तो पुणे शहरातून बाहेर पडून हवेली, दौंड आणि इंदापूर या तालुक्यांत जातो. जुना मुठा उजवा कालवा ब्रिटिशकालीन आहे. आता तो ‘बेबी कालवा’ या नावाने ओळखला जातो आणि मुंढवा येथील जॅकवेलमधून उचललेले शहराचे प्रक्रिया केलेले सांडपाणी त्यातून हवेली व दौंडच्या शेतीकडे सोडले जाते. तालुक्याच्या दक्षिण भागात जनाई-शिरसाई उपसा सिंचन योजना आहे. तिचे पाणीही मुळात खडकवासल्याच्याच कालव्याचे.

शिरूरची रचना अधिक गुंतागुंतीची आहे. भीमा नदीवरील चासकमान धरण खेड तालुक्यात आहे, पण त्याचा १४४ किलोमीटरचा डावा कालवा खेडबरोबर शिरूरलाही पाणी देतो. घोड नदीवर वर डिंभे आणि खाली शिरूर तालुक्यातच चिंचणी येथे घोड धरण आहे. डिंभ्याचा उजवा कालवा आंबेगावातून शिरूरकडे येतो. घोड धरणाचा डावा कालवा श्रीगोंदा व कर्जतकडे, म्हणजे शेजारच्या जिल्ह्यात जातो, तर उजवा कालवा शिरूरच्या वाट्याला येतो. त्यामुळे एकाच तालुक्यातील दोन गावांचे पाणी अर्ज दोन वेगळ्या विभागांच्या कार्यालयांत जाऊ शकतात. ‘आमच्या तालुक्याचे पाणी’ असा शब्दप्रयोग सभांमध्ये सर्रास होतो. पाटबंधारे खात्याच्या दप्तरात मात्र तालुक्याला स्थान नाही. तेथे हिशोब असतो तो प्रकल्प, कालवा, वितरिका, चारी आणि विमोचक यांचा. पाणी मागणाऱ्याला आपले गाव माहीत असून भागत नाही, आपले शेत कोणत्या चारीच्या कोणत्या विमोचकावर येते हे माहीत असावे लागते.

कायद्याची पूर्वपीठिका

मुंबई इलाख्यातील कालव्यांसाठी मुंबई पाटबंधारे अधिनियम १८७९ साली झाला. योगायोग असा की खडकवासल्याचे मूळ धरण पूर्ण झाल्याचे सालही सामान्यतः हेच दिले जाते. या कायद्याने कालव्याचे पाणी सरकारच्या व्यवस्थापनाखाली आणले आणि ते हवे असलेल्याने लेखी अर्ज करावा हे तत्त्व रूढ केले. १९३४ मध्ये मुंबई कालवा नियम तयार झाले. स्वातंत्र्यानंतर मुंबई, मध्य प्रांत आणि हैदराबाद या तीन राजवटींचे वेगवेगळे पाटबंधारे कायदे राज्यात चालू होते. त्यांच्या जागी महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, १९७६ आला. कायदा नवा झाला, परंतु त्याखालचे नियम दीर्घकाळ तयारच झाले नाहीत आणि १९३४ चे नियम वापरात राहिले. जलक्षेत्राच्या अभ्यासकांनी, विशेषतः वाल्मी संस्थेतील निवृत्त प्राध्यापक प्रदीप पुरंदरे यांनी, या त्रुटीकडे वारंवार लक्ष वेधले आहे. टीकेचा रोख योग्य होता. नियम नसलेला कायदा म्हणजे दार नसलेली चारी. पाणी येते, पण वळवता येत नाही.

२००५ साली दोन महत्त्वाचे कायदे झाले. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमाने पाण्याच्या ‘हक्कदारी’ची कल्पना आणली. हक्कदारी म्हणजे पाण्याची मालकी नव्हे, ते वापरण्याचा अधिकार. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियमाने हा अधिकार एकेका शेतकऱ्याऐवजी पाणी वापर संस्थेला देण्याची वाट मोकळी केली.

नावांचे कालवे आणि पाण्याचे कालवे

कालव्याच्या कायद्याचा आणि जहाजांचा संबंध वाचकाला अनपेक्षित वाटेल, पण तो आहे. मुंबईच्या कायद्याच्या सहा वर्षे आधी, १८७३ मध्ये, उत्तर हिंदुस्थानसाठी झालेल्या कालवे व जलनिस्सारण अधिनियमात कालव्यातील नौकानयनाचे स्वतंत्र प्रकरण होते. नियम मोडणारी नाव अडकवून ठेवणे, आकार न भरल्यास ती जप्त करणे, असे अधिकार त्यात कालवा अधिकाऱ्याला होते. त्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाने सुएझ कालव्यातून जाणाऱ्या जहाजांची मोजणी कशी करावी हे ठरवले. आजही सुएझमधून जाणाऱ्या जहाजाजवळ त्या कालव्यापुरते खास टनभार प्रमाणपत्र असावे लागते. जहाजाच्या मायदेशातील मोजणी तेथे पुरत नाही, कारण कालव्याची पट्टी त्या प्रमाणपत्रातील निव्वळ टनांवर आकारली जाते.

पुणे जिल्ह्यातील कालवे सिंचनासाठी आणि पाणीपुरवठ्यासाठी आहेत. त्यांतून नावा जात नाहीत, पाणीच जाते. तरी कागदांची बांधणी सारखी आहे. आधी मागणी, मग मोजणी, मग आकारणी, आणि थकबाकीदाराला अटकाव. फरक मोजणीच्या एककात आहे. जहाजाची पट्टी त्याच्या आकारमानावर ठरते. शेतकऱ्याची पट्टी मात्र त्याने किती पाणी घेतले यावर नव्हे, तर किती क्षेत्र भिजवले आणि कोणते पीक घेतले यावर ठरत आली आहे. एका हेक्टरला मोजून पाणी देणारा आणि रात्रभर दारे मोकळे सोडून देणारा या दोघांचे बिल त्यामुळे सारखेच येते. क्षेत्रावर आधारलेल्या आकारणीचा हा मूळ दोष आहे. घनमापन पद्धतीचा आग्रह त्यातूनच पुढे आला.

अर्जापासून पाळीपर्यंत

पाटबंधारे खात्याचे सिंचन वर्ष १ जुलैपासून ३० जूनपर्यंत असते. १ जुलै ते १४ ऑक्टोबर हा खरीप, १५ ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर रब्बी आणि १ मार्च ते ३० जून उन्हाळी हंगाम मानला जातो. यांतील १५ ऑक्टोबर ही तारीख सर्वांत महत्त्वाची आहे. पावसाळा सरल्यावर त्या दिवशी धरणात जे पाणी आहे तेच पुढचे आठ महिने पुरवायचे असते. या साठ्यातून पिण्याचे पाणी, उद्योग, बाष्पीभवन आणि वहनातील घट वजा करून शेतीला किती आवर्तने देता येतील याचा प्राथमिक सिंचन कार्यक्रम तयार होतो. त्यावर कालवा सल्लागार समितीत चर्चा होते. मोठ्या प्रकल्पांच्या समितीच्या बैठका पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली होतात आणि वृत्तपत्रांत गाजतात. कोणत्या तारखेला आवर्तन सुटणार ही बातमी दौंडच्या बाजारपेठेत पावसाच्या बातमीइतकीच आतुरतेने वाचली जाते.

यानंतर खाते जाहीर प्रकटन काढून अर्ज मागवते. अर्जात शेतकऱ्याचे नाव, गाव, गट क्रमांक, एकूण क्षेत्र, पाणी हवे असलेले क्षेत्र, पीक आणि कालव्याचा तपशील भरावयाचा असतो. मागणीचे क्षेत्र बहुधा २० आरच्या पटीत मागितले जाते. एक हेक्टर म्हणजे १०० आर. एक आर जवळजवळ एका गुंठ्याएवढा असल्याने २० आर म्हणजे ढोबळमानाने अर्धा एकर. समजा, एखाद्या शेतकऱ्याची एक हेक्टर जमीन लाभक्षेत्रात आहे आणि त्याला गहू व कांदा घ्यावयाचा आहे. त्याने गव्हासाठी ४० आर आणि कांद्यासाठी २० आर अशी मागणी केली, तर मंजुरी तेवढ्याच ६० आरांना आणि त्याच पिकांना मिळते. उरलेल्या ४० आरांत त्याने कालव्याचे पाणी वळवले, तर ते विनापरवाना सिंचन ठरते.

अर्जाबरोबर दोन अटी नेहमी येतात. मागील पाणीपट्टीची थकबाकी भरलेली असावी आणि शेतचारी स्वखर्चाने दुरुस्त ठेवलेली असावी. पहिली अट सहसा दप्तरात तपासली जाते. दुसरी बहुतेकदा पाणी सुटल्यावरच, चारी फुटून शेजाऱ्याच्या शेतात तळे साचल्यावर, सर्वांच्या लक्षात येते. पाणीपट्टीवर २० टक्के स्थानिक उपकर आकारला जातो. तो वेगळा का लागला, असा प्रश्न बिल हाती आल्यावर हमखास विचारला जातो.

अर्ज कालवा निरीक्षकामार्फत शाखेत येतो. तेथे नोंद आणि थकबाकीची पडताळणी होऊन तो उपविभागीय अधिकाऱ्याकडे मंजुरीस जातो. मंजूर अर्जदाराला पाणी पास मिळतो. पासधारकांची शेजपाळी लावली जाते, म्हणजे एका विमोचकावरील शेतांना कोणत्या क्रमाने पाणी द्यायचे हे ठरवले जाते. हा क्रम शेवटाकडून सुरुवातीकडे असावा, असा संकेत आहे. कारण उघड आहे. कालव्याच्या तोंडाशी असलेल्याला पाणी केव्हाही मिळू शकते. शेपटीच्या शेतकऱ्याला मात्र चारी पूर्ण भरून वाहील तेव्हाच मिळते, आणि वरच्यांनी आधी दारे उघडली तर चारी भरत नाही. पाटकरी पाळीप्रमाणे दारे उघडतो व बंद करतो. पाळी बहुधा रात्रीही चालू राहते. या भागात ‘दारे धरायला गेलो होतो’ असे म्हणणारा माणूस पुष्कळदा रात्रभर जागलेला असतो.

आवर्तन संपल्यावर मोजणीदार शेतात जाऊन भिजलेले क्षेत्र मोजतो. मोजणी, आकारणी आणि मागणी यांच्या नोंदी होऊन बिल निघते. पाणीपट्टी थकल्यास ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते आणि तिचा बोजा सात-बारावर चढू शकतो. अशा प्रकारे एका हंगामापुरता असलेला कागद कायमच्या कागदावर आपली खूण ठेवून जातो.

अर्ज न केल्यास

‘पाणी तर येतेच, मग अर्ज कशाला?’ हा युक्तिवाद कालव्याच्या वरच्या भागात विशेष ऐकू येतो आणि वरवर पाहता तो चुकीचाही वाटत नाही. ज्याचे शेत कालव्याला लागून आहे त्याची विहीर पाझरानेच भरते. अर्ज केला तर पट्टी निश्चित, न केला तर पंचनामा होईलच असे नाही. पाटकऱ्यांची आणि कालवा निरीक्षकांची पदे अपुरी भरलेली असतील, तर पंचनाम्याची शक्यता आणखी घटते.

पंचनामा झाला तर त्याचे प्रकार ठरलेले आहेत. अर्ज न करता घेतलेले पाणी ‘विनाअर्जी’, पाळी नसताना घेतलेले ‘बिगरपाळी’ आणि वाया घालवलेले ‘पाणीनाश’. तिन्हींची आकारणी नेहमीच्या दरापेक्षा चढ्या, दंडनीय दराने होते. कायद्यात आणखी एक तरतूद आहे, आणि ती फारच थोड्यांना ठाऊक असते. विनापरवाना पाणी कोणी घेतले हे शोधता आले नाही, तर त्या पाण्याचा लाभ ज्यांच्या जमिनींना झाला त्यांच्यावर, आणि तेही ठरवता आले नाही तर त्या चारीच्या पाण्यासाठी आकारणीस पात्र असलेल्या सर्वांवर बोजा टाकता येतो. ही तरतूद १८७९ च्या कायद्यापासून चालत आलेली आहे. तिचा अर्थ असा की एकाने रात्री फोडलेल्या दाराचा हिशोब अर्ज भरून पाळीची वाट पाहणाऱ्या शेजाऱ्याकडेही मागितला जाऊ शकतो.

अर्ज न करण्याचा खरा तोटा मात्र दंडाहून मोठा आहे. पुढील आवर्तनाचे नियोजन करताना खात्यासमोर जी मागणी असते ती कागदावरची. एखाद्या चारीवर शेकडो हेक्टर भिजत असतील, पण अर्ज थोडेच असतील, तर दप्तराच्या दृष्टीने तेथे मागणी थोडी आहे. मंजूर क्षेत्र कमी दिसते, वसुली कमी दिसते, आणि चारीच्या दुरुस्तीला निधी मागताना अभियंत्याच्या हातीही दाखवण्यासारखे काही उरत नाही. याची झळ वरच्या शेतकऱ्याला लागत नाही. ती शेवटच्या विमोचकावरील शेतकऱ्याला लागते. पाणी न मिळाल्याची तक्रार करताना मंजूर अर्ज आणि पास एवढाच त्याचा पुरावा असतो. अर्ज मंजूर झाला म्हणजे पाण्याची हमी मिळाली असे नाही, मंजुरी उपलब्ध पाण्याच्या अधीनच असते. तरीही पाणी न येता आलेल्या बिलास हरकत घ्यायची असेल, किंवा पाळी डावलल्याचे दाखवायचे असेल, तर अर्ज न केलेल्या माणसाला उभे राहायला जागाच नसते. एखाद्या हंगामात अर्ज करून पाणी मिळाले नाही म्हणून पुढच्या हंगामात अर्जच न करणे ही नेहमीची प्रतिक्रिया आहे. ती समजण्यासारखी आहे, पण तिच्यामुळे पाणी न मिळाल्याचा पुरावाही नाहीसा होतो.

पाणी वापर संस्था

२००५ च्या अधिनियमानुसार ज्या क्षेत्रात पाणी वापर संस्था स्थापन होऊन कार्यरत झाली आहे, तेथे खाते एकेका शेतकऱ्याला पाणी देत नाही. संस्थेला देते. संस्थेच्या हद्दीच्या तोंडाशी पाणी मोजले जाते आणि पट्टी घनमापाने आकारली जाते. आत कोणी कोणते पीक घ्यावे याचे स्वातंत्र्य सभासदांना असते. संस्थेच्या संचालक मंडळात कालव्याच्या वरच्या, मधल्या आणि शेवटच्या भागाला समान प्रतिनिधित्व देण्याची तरतूद आहे. या कायद्यातील ही सर्वांत शहाणपणाची कलमे म्हणावी लागतील, कारण पाण्याचे भांडण मुळात वरच्याचे आणि खालच्याचे असते हे ती मान्य करतात.

संस्था आली म्हणून अर्ज संपत नाही. शेतकऱ्याने तो खात्याऐवजी संस्थेकडे करायचा असतो आणि संस्थेने आपली एकत्रित मागणी खात्याकडे नोंदवायची असते. नाशिक जिल्ह्यातील ओझर येथे वाघाड प्रकल्पावर समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये व भरत कावळे यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या संस्था या पद्धतीचे सर्वपरिचित उदाहरण आहे. तेथील अनुभव असा की तोंडाशी मोजून पाणी मिळू लागले, तेव्हा ते वाया घालवण्यात कोणाचाच फायदा उरला नाही. राज्यात कागदोपत्री स्थापन झालेल्या सर्व संस्थांबद्दल मात्र असे म्हणता येणार नाही. मोजमापाचे साधन बंद असेल, तर घनमापाची आकारणी अंदाजाने होते आणि संस्था ही केवळ आणखी एक पायरी बनते.

नदीवरील उपसा

शिरूर व दौंडमधून भीमा, घोड आणि मुळा-मुठा या नद्या वाहतात. त्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. दौंडच्या पूर्वेकडील नदीकाठाला उजनी धरणाचा फुगवटाही पोहोचतो. नदीकाठच्या शेतकऱ्याला कालव्याची पाळी धरावी लागत नाही, पण परवान्यातून त्याची सुटका नाही. अधिसूचित नदीतून किंवा जलाशयातून पंपाने पाणी उपसण्यासाठी पाटबंधारे खात्याची परवानगी लागते आणि पंपाच्या वीजजोडणीसाठी ती दाखवावी लागते. सात-बारा, खाते उतारा, नकाशा आणि उपशाचा तपशील असे कागद त्यासाठी जोडावे लागतात.

जलवाहिनी दुसऱ्याच्या शेतातून न्यावयाची असेल, तर त्याची संमती घ्यावी लागते. संमती मिळाली नाही तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४९ प्रमाणे तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. दुसऱ्याच्या जमिनीतून पाण्याचा पाट नेण्याची परवानगी देण्याविषयीचे हे कलम आहे. भाऊबंदकीत वाटण्या झालेल्या गावांत या कलमाचा आधार वरचेवर घ्यावा लागतो.

शहराचे कागद

खडकवासल्याच्या पाण्यासाठी केवळ शेतकऱ्यालाच कागद करावे लागतात असे नाही. पुणे महानगरपालिका आणि जलसंपदा विभाग यांच्यात वार्षिक ११.५० टीएमसी पाण्याचा करार झाला होता. त्यात शहराने सुमारे ६.५० टीएमसी सांडपाणी प्रक्रिया करून शेतीसाठी परत द्यावे अशी अपेक्षा होती. मुंढव्याचे जॅकवेल हे त्याच व्यवस्थेचा भाग. महापालिकेने दरवर्षी पाण्याचे अंदाजपत्रक सादर करून लोकसंख्येप्रमाणे आपली मागणी मांडायची असते. शहराचा प्रत्यक्ष वापर करारापेक्षा जास्त राहिल्याने हा विषय शेतकऱ्यांच्या तक्रारीवरून जलसंपत्ती नियमन प्राधिकरणासमोर गेला आणि २०१८ मध्ये प्राधिकरणाने शहराचा वापर निकषांत आणण्याचे आदेश दिले. राज्याच्या धोरणात पिण्याच्या पाण्याला पहिला क्रम आहे. २००३ च्या जलनीतीत त्यानंतर उद्योग आणि मग शेती असा क्रम होता, तो २०११ मध्ये बदलून शेतीला उद्योगाच्या आधी स्थान देण्यात आले.

शहराने वापरलेले पाणी नळाच्या मोजमापात, करारात आणि अंदाजपत्रकात दिसते. दौंडच्या शेतकऱ्याचा वापर दिसतो तो नमुना ७ मध्ये आणि मोजणीदाराच्या नोंदीत. हजार क्युसेकने कालवा सोडला तर साडेअकरा दिवसांहून थोड्या अधिक काळात एक टीएमसी पाणी संपते. इतक्या पाण्याचा एका बाजूचा हिशोब लेखी असेल आणि दुसऱ्या बाजूचा तोंडी, तर बैठकीत कोणती बाजू लंगडी पडते हे सांगायला नको.

कालव्याबाहेरची गावे

शिरूर तालुक्याच्या वायव्येकडील पाबळ, केंदूर परिसर उंचावर असल्याने कालव्यांच्या प्रवाही पाण्यापासून वंचित राहिला आहे. कळमोडी धरणाचे पाणी उपसून या भागाला मिळावे ही तेथील जुनी मागणी आहे. दौंडच्या जिरायत पट्ट्यातील काही गावे जनाई-शिरसाई योजनेच्या आवर्तनाकडे डोळे लावून असतात. उपसा योजनेत पाण्याबरोबर विजेच्या खर्चाचाही प्रश्न असतो, आणि मागणी अर्ज व आगाऊ रक्कम पुरेशी जमा झाली की नाही यावर पंप सुरू होण्याचे बरेच अवलंबून राहते. पाबळ-केंदूरच्या ज्या शिवारात अद्याप चारीच पोहोचलेली नाही, तेथे पाणी अर्जाचा प्रश्न उद्भवत नाही. नमुना ७ मध्ये विमोचकाचा तपशील लिहावा लागतो, आणि तेथे विमोचकच नाही.